ॲप आहे, कोड आहे, कॉइन आहे, तरी पैसे टाकायच्या आधी एवढं बघा

आपल्याकडं निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही जा, "स्कीम" म्हटलं की माणूस आता सावध होतोय, कारण प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं तरी कुठल्यातरी स्कीममध्ये बुडालेलं असतंय. हे फसवणाऱ्यांना पण माहीत आहे. म्हणून ते आता स्कीम म्हणत नाहीत, "प्रोजेक्ट" म्हणतात. ब्लॉकचेन प्रोजेक्ट आहे, आमची स्वतःची डेव्हलपर टीम आहे, व्हाईटपेपर आहे, रोडमॅप आहे, गिटहबवर कोड टाकलाय, ॲप बीटामध्ये आहे, लवकर आलात तर कॉइन स्वस्तात मिळेल. (ब्लॉकचेन म्हणजे व्यवहारांची सगळ्यांना दिसणारी वही, जिच्यावर बिटकॉइनसारखे क्रिप्टो कॉइन चालतात, व्हाईटपेपर म्हणजे सिस्टीम कशी चालते ते सांगणारा कागद, आणि बीटा म्हणजे ॲप अजून चाचणीत आहे.) हे शब्द ऐकले की शिकलेला माणूस पण गप्प बसतो, कारण समोरचा टेक्निकल बोलतोय आणि आपल्याला त्यातलं कळत नाही असं वाटतंय. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, आणि मला हे कळकळीनं सांगायचंय की ह्यातलं बरंचसं तुम्हाला स्वतःला तपासता येतं, कोडिंग न येता पण, मोबाईलवर बसून, एका संध्याकाळीत.

तपासायचं मुळात तीनच गोष्टींबद्दल. जे सॉफ्टवेअर म्हणतायत ते खरंच कुणी लिहिलंय का, ते चालतंय का, आणि तुमचा पैसा बाहेर काढायची किल्ली कुणाच्या हातात आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री विकत घ्यायला गेलेला माणूस ऑफिसमधली खुर्ची आणि कॅलेंडर बघून पैसे देत नाही, भट्टी पेटती आहे का बघतो, इथं पण तसंच बघायचं.

पहिल्यांदा आश्वासन बघा, कारण इथंच निम्मं काम संपतंय. महिन्याला अमुक टक्के पक्के देणारं सॉफ्टवेअर जगात नाही. बिटकॉइनचा मूळ व्हाईटपेपर ३१ ऑक्टोबर २००८ चा आहे, फक्त ९ पानांचा, आणि त्यात नफ्याचा एक टक्का पण कुणाला कबूल केलेला नाही, सिस्टीम कशी चालते तेवढंच लिहिलंय. आता गेनबिटकॉइन आठवा, ते तर आपल्या शेजारी पुण्यापर्यंत पसरलेलं प्रकरण, अमित भारद्वाज त्याचा सूत्रधार, क्लाउड मायनिंगच्या, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर तुमच्यासाठी बिटकॉइन काढतो ह्या नावावर १८ महिने दर महिन्याला १० टक्के देतो म्हणाले, आणि नंतर लोकांना बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं स्वतःचंच टोकन हातात ठेवलं. २०१८ मध्ये त्याला अटक झाली. बिटकनेक्ट त्याच काळातलं, तिथं "ट्रेडिंग बॉट" आणि "व्होलॅटिलिटी सॉफ्टवेअर" पैसे कमावतंय असं सांगत होते, जानेवारी २०१८ मध्ये बंद पडलं, आणि त्याचा संस्थापक, मूळचा गुजरातचा, त्याच्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं. वनकॉइनचं तर ह्याहून पुढं, तिथं खरी ब्लॉकचेनच नव्हती, आकडे कंपनीच्या स्वतःच्या सिस्टीममध्ये बसून वाढवत होते. ते काढणारी रुजा इग्नातोवा २०१७ पासून गायब आहे आणि तिच्या धंद्यातल्या भागीदाराला, ग्रीनवूडला, सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तिन्ही ठिकाणी बोलणं सॉफ्टवेअरचं होतं आणि पैसा मात्र नवीन येणाऱ्या माणसांकडून येत होता.

आणि हो, खाली माणसं जोडायला सांगत असतील, लेव्हल असतील, रँक असतील, कोल्हापूरला नाहीतर गोव्याला हॉटेलमध्ये मीटिंग असेल तर पुढचं काहीच बघायची गरज नाही. कोड लिहायला तुमच्या मेव्हण्याचं आयडी लागत नाही.

आता व्हाईटपेपर. तो पीडीएफ उघडा, मधलं कुठलंतरी एक लांब वाक्य कॉपी करा आणि गूगलमध्ये दोन्ही बाजूला अवतरणचिन्ह टाकून शोधा, मधलंच घ्या, सुरुवातीचं नको, कारण पहिलं पान बदललेलं असतंय आणि मधली पानं आळसानं तशीच सोडलेली असतात. दुसऱ्या कुठल्या कॉइनच्या कागदात तेच वाक्य सापडलं तर विषय संपला. टीमचे फोटो पण असेच गूगल लेन्समध्ये टाका, बऱ्याचदा ते विकत मिळणारे फोटो असतात नाहीतर कुठल्यातरी परदेशातल्या डॉक्टरचा फोटो "मुख्य तंत्रज्ञ" म्हणून लावलेला असतोय. वेबसाईटचं डोमेन कधी घेतलं ते हूइज नावाच्या फुकट सेवेत दिसतं, पाच वर्षांपासून काम करतोय म्हणणाऱ्यांचं डोमेन चार महिन्यांचं निघालं तर सरळ विचारा.

गिटहबवर मी जरा जास्त थांबणार आहे कारण आजकाल "कोड ओपन आहे, जाऊन बघा" हे वाक्य तोंडावर फेकतात आणि कुणी जाऊन बघत नाही. गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोक आपला कोड ठेवतात ती साईट, बघायला पैसे लागत नाहीत. लिंक उघडली की आधी फाइली बघा. नुसती रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, एक लोगो, वेबसाईटचे फोटो आणि दोन-चार फोल्डर एवढंच असेल तर तिथं प्रोजेक्ट नाही, पाटी आहे. मग कमिट बघा, म्हणजे कोडमध्ये कधी कधी बदल झाले त्याची यादी. खरं काम रोज थोडं थोडं, अडखळत झालेलं दिसतं, चूक झाली, दुरुस्त केली, परत मागं घेतलं, असं. खोट्या ठिकाणी एका दिवशी हजारो ओळी एकदम पडलेल्या असतात आणि नंतर फक्त रीडमीमध्ये स्पेलिंग बदललेलं. पण तारखांवर आंधळा विश्वास नको, कमिटची तारीख कोड टाकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून येते आणि ती मागची टाकता येते, म्हणजे काल लिहिलेलं २०२१ चं म्हणून दाखवता येतंय. म्हणून मी नेहमी इश्यूज (लोकांच्या तक्रारी) आणि पुल रिक्वेस्ट (लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल) बघायला सांगतो, तिथल्या तारखा गिटहब स्वतः टाकतं, आणि तिथं अनोळखी लोकांनी "हे चालत नाही", "ते असं का केलं" म्हणून भांडलेलं दिसायला पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरवर कुणीच तक्रार करत नाही ते कुणीच वापरत नाही. स्टार, म्हणजे तिथले लाईक, किती आहेत ते तर बघूच नका, ते विकत मिळतात, स्टार देणाऱ्यांची दहा प्रोफाइल उघडा, सगळी रिकामी आणि एकाच महिन्यात उघडलेली असली तर कळून जाईल.

दुसऱ्याचा कोड घेतला म्हणजे लगेच चोर असं नाही, हे पण नीट समजून घ्या नाहीतर चांगल्या माणसावर पण आळ येईल. लाइटकॉइन २०११ मध्ये बिटकॉइनच्याच कोडवरून तयार झालं आणि ते उघड सांगतात, लायसन्स तशी परवानगी देतं. बघायचं ते हे की लपवलंय का. गिटहबवर फुकट अकाउंट काढलं की कोडच्या आत सर्च करता येतो, तिथं "बिटकॉइन", "युनिस्वॅप", "पॅनकेक" अशी जुन्या, गाजलेल्या क्रिप्टो प्रोजेक्टची नावं इंग्रजीत टाकून बघा. "आम्ही तीन वर्षं संशोधन करून शून्यापासून बनवलं" म्हणणाऱ्यांच्या कोडमध्ये जुन्या प्रोजेक्टचं नाव पुसायचं राहिलेलं सापडतंय.

"आमची स्वतःची ब्लॉकचेन आहे" ह्या दाव्याची परीक्षा अगदी सोपी आहे. त्यांना म्हणा, एक्सप्लोररची लिंक द्या, म्हणजे जिथं सगळे व्यवहार दिसतात ती साईट. त्यांनी कॉइनचा म्हणून दिलेला पत्ता शून्य-एक्सनं (0x) सुरू होतोय आणि बीएससी स्कॅन नाहीतर इथरस्कॅनवर उघडतोय तर ती त्यांची चेन नाही, दुसऱ्याच्या चेनवर काढलेलं टोकन आहे, आणि तसलं टोकन तयार साच्यातून काही मिनिटांत निघतं, त्यात संशोधन वगैरे काही नाही. टोकन असणं हा गुन्हा नाही, पण चेन म्हणून टोकन विकणं ही फसवणूकच. आणि एक्सप्लोररच नाही, "तो लवकरच येतोय" म्हणाले तर तुमचा कॉइन फक्त त्यांच्या स्क्रीनवर आहे.

टोकनचं पान उघडलंच आहे तर होल्डर्स बघा, म्हणजे कुणाकडं किती टोकन आहे ती यादी. पहिल्या दोन-तीन पत्त्यांकडं ७०-८० टक्के माल असेल आणि ते पूल (खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला साठा) किंवा जाळून टाकलेल्या, म्हणजे कायमच्या बाद केलेल्या टोकनचे पत्ते नसतील, तर भाव त्यांच्या मुठीत आहे, ते विकतील त्या दिवशी संपलं. मग कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन चालवणाऱ्या प्रोग्रामचा टॅब. तिथं हिरवी टिक असती, लोकांना वाटतं सरकारी शिक्का आहे, पण तिचा अर्थ एवढाच की दाखवलेला कोड आणि चालणारा कोड एकच आहे, तो कोड चांगला आहे असा तिचा अर्थ होत नाही. आत मिंट, पॉज, ब्लॅकलिस्ट, सेट फी असे शब्द शोधा. मिंट म्हणजे मालक वाटेल तेवढं नवीन टोकन छापू शकतो. पॉज म्हणजे सगळ्यांचे व्यवहार थांबवू शकतो. ब्लॅकलिस्ट म्हणजे तुम्हाला एकट्याला अडवू शकतो, आणि सेट फी म्हणजे विकताना तुमच्याकडून ९९ टक्के पण कापू शकतो. हे अधिकार काही खऱ्या प्रोजेक्टमध्ये पण असतात, पण मग ते कुणाकडं आहेत आणि का आहेत ते लिहून ठेवलेलं असतंय. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर स्क्विड म्हणून टोकन आलं होतं, भाव २८०० डॉलरच्या वर गेला, बातम्या झाल्या, आणि घेतलेल्या लोकांना ते विकताच येत नव्हतं, मग काही मिनिटांत भाव शून्यावर. विकता येत नाही ही तक्रार भाव पडायच्या आधीपासून लोक लिहीत होते, कुणी वाचलं नाही.

ऑडिट झालंय म्हणून पीडीएफ दाखवतील. ती पीडीएफ बाजूला ठेवा आणि ऑडिट करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साईटवर जाऊन त्या प्रोजेक्टचं नाव आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता जुळतोय का बघा. आणि खरं ऑडिट असलं तरी ते कोडचं असतं, तो कोड चालवणाऱ्या माणसाच्या इराद्याचं नसतं.

आता ॲप, इथं आपले लोक सगळ्यात जास्त फसतात. व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल येते, टाकली की सुंदर डॅशबोर्ड, रोज सकाळी आकडा वाढलेला. मी हे मुद्दाम आतल्या बाजूनं सांगतोय. असल्या ॲपच्या मागं एक ॲडमिन पॅनल असतं, आणि त्यात एक रकाना असतो, आजचा नफा किती टक्के दाखवायचा. कुणीतरी माणूस बसून तो भरतो. बॉट नाही, ट्रेडिंग नाही, एक डेटाबेस आणि एक रकाना. बेळगावात फ्रीलान्स काम करणारी पोरं आहेत, कॉलेजची पोरं आहेत, त्यांना हे सांगायला पाहिजे की "रोजचा प्रॉफिट ॲडमिन सेट करणार, विथड्रॉवल ॲडमिन अप्रूव्ह करणार" अशी मागणी घेऊन कुणी आला तर तुम्ही कशाचं सॉफ्टवेअर बनवताय ते ओळखा आणि नाही म्हणा, पैसे चांगले देत असला तरी. उद्या केस झाली की पहिला फोन नंबर तुमचाच सापडतो. आणि ॲप प्ले स्टोअरवर किंवा दुसऱ्या कुठल्या स्टोअरवर आहे म्हणजे बरोबर आहे असं पण नाही, नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर ह्या क्रिप्टो ठेवायच्या वॉलेटच्या नावाचं खोटं ॲप होतं आणि त्यानं लोकांची लाखो डॉलरची क्रिप्टो नेली.

"पण मी ५०० रुपये काढून बघितले की, आले!" हे मी सगळ्यात जास्त ऐकतो. छोटी रक्कम मुद्दाम देतात, कारण ती मिळाली की माणूस मोठी टाकतो आणि चार जणांना सांगतो पण. खरा प्रश्न मोठी रक्कम काढताना येतो, तेव्हा मग ॲप सांगतं "आधी ३० टक्के टॅक्स भरा, मग पैसे सुटतील". इथं नियम नीट लक्षात ठेवा. क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के टॅक्स आहे, तो तुम्ही इन्कम टॅक्स खात्याला भरायचा असतो, कुठल्या ॲपला नाही. आणि जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे, तो व्यवहारातून कापला जातो, वेगळा पाठवायला सांगत नाहीत. टॅक्स भरा मग पैसे देतो म्हणणारा शंभर टक्के चोर आहे, तिथं अजून एक रुपया पण टाकू नका.

पैसे कुठं मागतायत ते बघा. सॉफ्टवेअर कंपनी म्हणते आणि यूपीआय कुणाच्यातरी वैयक्तिक नावावर, सेव्हिंग खात्यावर, आणि दर आठवड्याला क्यूआर बदलतोय, तर ती खाती भाड्यानं घेतलेली असतात. यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो, ट्रॉन चेनवर मागत असतील तर त्यांनी दिलेला पत्ता ट्रॉनस्कॅन ह्या एक्सप्लोररवर टाका, आलेला पैसा कुठं चाललाय ते उघड दिसतं.

इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी वेगळं सांगतो, त्यांना एजंट फसवत नाही, कोडच फसवतो. यूट्यूबवर व्हिडिओ असतात, हा आर्बिट्राज बॉट (दोन ठिकाणच्या भावातल्या फरकावर कमावणारा प्रोग्राम) घ्या, कोड रीमिक्समध्ये पेस्ट करा, डिप्लॉय करा, त्यात थोडं इथर (इथेरियम चेनचं कॉइन) भरा आणि स्टार्ट दाबा. रीमिक्स हे कॉन्ट्रॅक्ट लिहायचं चांगलं आणि खरं टूल आहे, पण त्या कोडमध्ये एक पत्ता तुकडे तुकडे करून वेगवेगळ्या फंक्शनमध्ये लपवलेला असतो, स्टार्ट दाबलं की तुकडे जुळतात आणि इथर तिकडं जातं. फुकट पैसे छापणारा बॉट कुणी फुकट का वाटेल, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. दुसरं, लिंक्डइनवर रिमोट नोकरी, पगार भारी, इंटरव्ह्यूच्या आधी "हा रिपॉझिटरी क्लोन कर, एनपीएम इन्स्टॉल मार, बग सापडतो का बघ". इन्स्टॉल मारल्या मारल्या ब्राउझरमधले पासवर्ड आणि वॉलेट गेलेलं असतंय. ह्यातला मोठा भाग उत्तर कोरियाच्या हॅकरांचा आहे असं सुरक्षा संशोधकांनी वारंवार दाखवलंय. व्हीटीयूच्या कॉलेजातनं बाहेर पडून नोकरी शोधणाऱ्या पोराला त्या घाईत हे सुचत नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवा, अनोळखी कोड चालवायचा तर व्हर्च्युअल मशीनमध्ये, जिथं तुमचं एकही लॉगिन नाही. पॅकेज डॉट जेसनमध्ये पोस्टइन्स्टॉल आहे का बघा, वर्ड रॅप चालू करून फाइली वाचा कारण वाईट ओळ उजवीकडं शंभर स्पेस देऊन स्क्रीनच्या बाहेर ढकललेली असती. आणि ओळखीचं पॅकेज पण बिघडू शकतं, २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाचं लाखो लोक वापरत असलेलं पॅकेज नवीन सांभाळणाऱ्याच्या हातात गेलं आणि त्यातून कोपे वॉलेटवर डल्ला मारायचा कोड घुसवला गेला.

वॉलेटच्या १२ किंवा २४ शब्दांबद्दल, म्हणजे त्याच्या गुप्त किल्लीबद्दल, एकच, ते कुठल्याही साईटवर, फॉर्ममध्ये, सपोर्टवाल्याला, कुणालाही द्यायचे नाहीत. "वॉलेट कनेक्ट करा" म्हणून अप्रूव्हल, म्हणजे तुमचं टोकन हलवायची परवानगी मागतात तेव्हा अनलिमिटेड लिहिलंय का वाचा, दिलं गेलं असेल तर रिव्होक डॉट कॅशवर जाऊन काढून टाका.

कागदं दाखवतील, कंपनी रजिस्ट्रेशन, जीएसटी, उद्यम सर्टिफिकेट, लंडनच्या ऑफिसचा पत्ता. ह्यातलं एकही लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी नाही. ठेवी घ्यायच्या तर त्याला वेगळा कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा आणि कर्नाटकाचा २००४ चा. एक्सचेंजवाल्यांना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलंय, त्यांना एफआययूकडं (केंद्राचं फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) नोंदणी करावी लागते, पण ती नोंदणी म्हणजे पैसे बुडणार नाहीत अशी हमी नाही. आणि आरबीआय कुठल्याच कॉइनला मान्यता देत नाही, "आरबीआय अप्रूव्ह्ड" लिहिलेलं दिसलं की बंद करा.

सगळ्यात अवघड तपासणी मात्र माणसाची असते, कारण आपल्याकडं प्रोजेक्ट आणतो तो परका नसतो. सोसायटीचा पिग्मी एजंट असतो, रिटायर झालेले गुरुजी असतात, मावसभाऊ असतो, आणि बऱ्याचदा त्याचे स्वतःचे पैसे आत अडकलेले असतात, तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटत असतंय. त्याच्याशी भांडू नका, प्रश्न विचारा. "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण ह्या कोडमधल्या एका तरी डेव्हलपरशी आपलं फोनवर बोलणं करून द्या की." "काका, तुम्ही तुमची मुद्दल सगळी एकदा काढून दाखवा, मग मी लगेच टाकतो." बहुतेक वेळा काका तिथंच थांबतात, आणि कधी कधी त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा शंका येते, मग त्यांचे पण वाचतात.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. हा नंबर अख्ख्या देशाचा आहे, कर्नाटकातून लावा नाहीतर महाराष्ट्रातून, आणि जितक्या लवकर कराल तितका खात्यातला पैसा गोठवता यायची शक्यता जास्त. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या पोर्टलवर पण तक्रार टाकता येते. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस स्टेशन आहे. आपल्या सीमाभागात एक नेहमीचा घोळ होतो, माणूस निपाणीचा, एजंट कागलचा, खातं कुठल्यातरी तिसऱ्या राज्यातलं, आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात, ते कलम तिथं सांगा. कन्नड लिहिता येत नसेल तर तक्रार इंग्रजीत टाईप करून न्या, सोबत ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा नंबर), वॉलेटचे पत्ते, यूपीआयचे रेफरन्स नंबर, तारखेप्रमाणे. ॲप डिलीट करू नका, ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नका, आधी सगळं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण ॲडमिननं ग्रुप डिलीट केला की पुरावा जातोय.

त्यानंतर काही दिवसांनी एक मेसेज येईल, "आम्ही ब्लॉकचेन रिकव्हरी एक्स्पर्ट, तुमचे गेलेले पैसे काढून देतो, फी आधी भरा". तो नंबर पण तक्रारीतच जोडा आणि उत्तर देऊ नका, फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात.